मकरानचा भूकंप आणि पाच तासांचा अवधी

पाकिस्तान आणि इराण यांच्या दक्षिण किनाऱ्याला मकरान म्हणतात. त्या किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली मोठा भूकंप झाला, तर त्याच्या सर्वांत वेगवान लहरी सुमारे १,६०० किलोमीटर अंतर कापून साधारण साडेतीन मिनिटांत यवतमाळ जिल्ह्यातील खडकांपर्यंत पोहोचतात. माणसाला त्या सहसा जाणवणार नाहीत, परंतु जमिनीत बसवलेले संवेदनक्षम भूकंपमापक यंत्र त्या नोंदवू शकते. त्याच भूकंपाने पाण्यात उठवलेली लाट मुंबईच्या किनाऱ्याला लागण्यास मात्र चार ते पाच तास घेते. ज्या जिल्ह्याला समुद्र साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, तेथील कातळालाही संकटाची वार्ता मिनिटांत कळते आणि ज्या किनाऱ्यावर संकट आदळायचे असते तेथे ते कित्येक तासांनी पोहोचते. जमिनीतून जाणारी वार्ता आणि पाण्यातून येणारी लाट यांच्या वेगांतील या तफावतीवरच त्सुनामीची पूर्वसूचना देणारी सारी व्यवस्था उभी आहे. हा अवधी निसर्गाने दिलेला आहे. तो उपयोगी पडेल की वाया जाईल, हे मात्र अनेक देशांनी आपापल्या यंत्रांच्या नोंदी एकमेकांना वेळेवर दिल्या की नाही, यावर ठरते.

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. भूकंप केव्हा होईल हे आजचे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही, त्यामुळे त्सुनामीचे भाकीतही करता येत नाही; करता येते ती भूकंप होऊन गेल्यानंतरची आणि लाट येण्यापूर्वीची सूचना. समुद्रतळाचा विस्तीर्ण भाग भूकंपात एकाएकी वर उचलला गेला किंवा खचला, तर त्याच्यावरचे पाणी तळापासून पृष्ठापर्यंत विस्थापित होते आणि जी लहर सुरू होते तिला त्सुनामी म्हणतात. वाऱ्याने उठणाऱ्या लाटेत केवळ वरवरचे पाणी हलते, त्सुनामीत समुद्राची सारी खोली हलते, म्हणून तिचा वेगही खोलीवरच ठरतो. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते, तर ७५ मीटर खोलीत तोच वेग ताशी १०० किलोमीटरांच्या खाली येतो. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे भूखंडाचा पाण्याखाली गेलेला उथळ पट्टा, सुमारे ३०० किलोमीटरांपर्यंत पसरलेली आहे. ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत असूनही तेथील पाणी ऐंशी मीटरांच्या आसपासच खोल आहे. मकरानकडून निघालेली लाट खोल अरबी समुद्र दीड-दोन तासांत ओलांडते आणि पुढचा हा उथळ पट्टा पार करण्यास तिला जवळजवळ तीन तास लागतात. वेग मंदावला म्हणून ती दुबळी होत नाही, कारण पुढचे पाणी अडखळते, मागचे त्यावर चढते आणि खोल समुद्रात जहाजावरच्या खलाशालाही न जाणवलेली लहर किनाऱ्याजवळ उंच होत जाते.

हे गणित महाराष्ट्राच्या किनाऱ्याने एकदा प्रत्यक्ष अनुभवलेले आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या पसनी या बंदराजवळ समुद्रात सुमारे ८.१ महत्तेचा भूकंप झाला. महत्ता म्हणजे भूकंपात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवरून ठरवलेले त्याचे माप. मुंबईच्या किनाऱ्यावर लाट आली ती सकाळी सव्वाआठच्या सुमारास. तिची उंची सुमारे दोन मीटर होती असे सांगितले जाते. दांडा आणि जुहू येथे नांगरलेल्या मासेमारी होड्या दोर तुटून वाहून गेल्या, वर्सोवा आणि हाजीअली या भागांत माणसे पाण्यात ओढली गेली, आणि मुंबईत एकूण पंधरा जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. भूकंप आणि लाट यांच्यामध्ये पावणेपाच तास गेले होते. त्या पावणेपाच तासांत मुंबईत कोणालाही काही कळले नाही, कारण कळवणारी कोणतीही व्यवस्थाच तेव्हा नव्हती.

अपोलो बंदरावरील भरतीमापकाने मात्र ही लाट टिपली. भरतीमापक म्हणजे समुद्राची पातळी सतत नोंदवणारे यंत्र. मुंबईतील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या असून जगातील जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. मुंबई आणि कराची येथील १९४५ च्या या नोंदी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा अभ्यासल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एक विलक्षण गोष्ट पुढे आणली. मकरानच्या उथळ समुद्रपट्टीत त्सुनामीची बरीचशी ऊर्जा अडकून पडली, ती किनाऱ्याला धरून पुढेमागे फिरत राहिली, आणि त्यामुळे भूकंपाच्या केंद्राजवळ असलेल्या ठिकाणीही मोठ्या लाटा पुष्कळ उशिराने आल्या व समुद्र दीर्घकाळ खवळलेला राहिला. या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ फार महत्त्वाचा आहे: पहिली लाट ओसरली म्हणजे संकट टळले, असे मानून किनाऱ्यावर परतणे जिवावर बेतू शकते. ऐंशी वर्षांपूर्वी कागदावर उमटलेल्या एका वक्ररेषेतून आजच्या सूचनेचा मजकूर कसा असावा हे ठरते, हे त्या काळी बंदरावर नेमाने नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मोठेच ऋण मानले पाहिजे.

मुंबईतील या घटनेनंतर अवघ्या चार महिन्यांनी, १ एप्रिल १९४६ रोजी, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांलगत भूकंप झाला आणि त्याची लाट हवाई बेटांवर पोहोचण्यास सुमारे पाचच तास लागले. तेथे १५९ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही घटनांत अवधी जवळजवळ सारखा होता आणि दोन्हीकडे तो वाया गेला. पुढचा इतिहास मात्र वेगळा झाला. अमेरिकेने १९४९ मध्ये हवाई येथे त्सुनामी इशारा केंद्र सुरू केले, तर भारतीय उपखंडात फाळणी आणि स्वातंत्र्याच्या धामधुमीत मकरानची लाट लोकस्मृतीतून जवळजवळ पुसली गेली. मुंबईत मृतांची संख्या तुलनेने कमी होती, हेही विस्मरणाचे एक कारण असावे.

पॅसिफिक महासागरातील व्यवस्था आंतरराष्ट्रीय झाली ती आणखी एका आघातानंतर. २२ मे १९६० रोजी चिलीच्या किनाऱ्यावर ९.५ महत्तेचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदवलेल्या भूकंपांत आजवरचा हाच सर्वांत मोठा आहे. त्याची लाट पंधरा तासांनी हवाईला आणि सुमारे एक दिवसाने जपानला पोहोचली. जपानमध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि हवाईतील हिलो गावात तर आधी भोंगे वाजवून इशारा देऊनही ६१ जणांचे प्राण गेले. चिलीतील भूकंपाची व तेथील लाटेची नेमकी माहिती चिलीकडून वेळेत मिळाल्यावाचून जपानला स्वतःचे संरक्षण करता येणार नाही, हे या घटनेने सिद्ध केले, आणि १९६५ मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने पॅसिफिकभोवतीच्या देशांचा समन्वय गट स्थापन केला. हिलोने शिकवलेला दुसरा धडा, म्हणजे इशारा दिला गेला आणि माणूस वाचला या दोन गोष्टी एक नव्हेत हा, अजूनही सर्वत्र पुरता पचलेला नाही.

हिंदी महासागराला मात्र असा कोणताही गट नव्हता. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ ९.१ महत्तेचा भूकंप झाला आणि समुद्रतळ सुमारे १,३०० किलोमीटर लांबीपर्यंत फाटत गेला. हवाईच्या केंद्राने पंधरा मिनिटांत आपले पहिले पत्रक काढले, पण ते पॅसिफिकमधील देशांसाठी होते, त्यात भूकंपाची महत्ता प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी, ८.० एवढीच धरलेली होती, आणि हिंदी महासागरातील देशांत हा निरोप कोणाला द्यायचा याची यादीच त्यांच्यापाशी नव्हती. निकोबार बेटांवर लाट आदळून गेली, तरी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रविवारची सकाळ नेहमीसारखीच चालू राहिली. नागपट्टणमला ती दोन तासांहून अधिक काळाने पोहोचली. भारतात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे सोळा हजार, आणि चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. श्रीलंकेला वळसा घालून ही लाट पश्चिम किनाऱ्यावरही आली, केरळात तिने बळी घेतले आणि गोव्यातील मुरगावच्या भरतीमापकावरही तिची नोंद झाली. वर्धा, पैनगंगा यांसारख्या यवतमाळच्या नद्यांचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरीतून ज्या आंध्र किनाऱ्याला मिळते, तेथेही त्या दिवशी माणसे दगावली होती.

यानंतर सहा महिन्यांच्या आत, जून २००५ मध्ये, समुद्रविज्ञान आयोगाच्या महासभेने हिंदी महासागरासाठी आंतरशासकीय समन्वय गट स्थापन केला. तोपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून हवाईचे केंद्र आणि जपानची हवामान संस्था या भागातील देशांना माहिती पुरवू लागल्या होत्या. साऱ्या महासागरासाठी एकच केंद्र असावे की अनेक, यावर पुष्कळ विचारविनिमय झाला आणि शेवटी जो मार्ग निघाला तो शहाणपणाचा होता. ऑस्ट्रेलिया, भारत आणि इंडोनेशिया या तीन देशांची केंद्रे साऱ्या महासागराला माहिती पुरवतात. एकाकडून चूक झाली किंवा एखादे बंद पडले, तर इतर दोन चालू राहतात. ही केंद्रे इतर देशांना देतात ती धोक्याची माहिती, म्हणजे कोणत्या किनाऱ्याला किती वाजता किती उंचीची लाट लागण्याचा संभव आहे याचा अंदाज. लोकांना इशारा देण्याचा आणि गावे रिकामी करण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या राष्ट्रीय केंद्राकडेच राहतो. सार्वभौमत्व अबाधित ठेवून सहकार्य साधण्याची ही युक्ती नसती, तर एकमेकांकडे संशयाने पाहणारे देश एका टेबलाभोवती बसले असते की नाही, याची शंकाच आहे. २०११ मध्ये या तिन्ही देशांनी काम हाती घेतले आणि २०१३ मध्ये हवाई व जपान यांनी तात्पुरती सेवा थांबवून जबाबदारी पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवली.

भूकंपाची नोंद दुसऱ्या देशाला देणे ही वरवर पाहता निरुपद्रवी गोष्ट वाटते, परंतु तिच्यात एक मोठी अडचण दडलेली आहे. जे यंत्र भूकंप नोंदवते तेच भूमिगत अणुस्फोटही नोंदवते, आणि त्यामुळे अण्वस्त्रधारी देश आपल्या भूमीवरील भूकंपमापकांच्या अखंड नोंदी तत्काळ सर्वांना खुल्या करण्यास कचरतात. अणुचाचणीबंदी कराराच्या अंमलबजावणीसाठी व्हिएन्ना येथे असलेली संघटना जगभरातील आपल्या केंद्रांच्या नोंदी अनेक देशांच्या त्सुनामी केंद्रांना पुरवते; भारताने मात्र त्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. भारताने मध्यम मार्ग स्वीकारला. हवामान विभागाने त्सुनामीसाठी उभारलेल्या सतरा केंद्रांच्या जाळ्यातील पोर्ट ब्लेअर, मिनिकॉय आणि शिलाँग या तीन केंद्रांच्या नोंदी जागतिक जाळ्याला मिळतात, तर बदल्यात भारताला जगातील शेकडो केंद्रांच्या नोंदी मिळतात. देवाणघेवाणीचे हे प्रमाण आणखी उदार व्हावे, असे शास्त्रज्ञांना वाटणे स्वाभाविक आहे, कारण सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांत भूकंपाभोवतीच्या जितक्या अधिक दिशांकडून नोंदी मिळतील तितका त्याच्या केंद्राचा आणि महत्तेचा अंदाज अचूक येतो, आणि २००४ मध्ये नेमकी हीच गोष्ट चुकली होती. महाराष्ट्रालाही या प्रकारच्या सहकार्याचा जुना अनुभव आहे: ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने द्वीपकल्पातील भूकंप वेधशाळांचे आधुनिकीकरण झाले.

भारताचे केंद्र हैदराबाद येथे आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, या संस्थेत सुमारे १२५ कोटी रुपये खर्चून उभारलेले हे त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये कार्यान्वित झाले आणि तेथे रात्रंदिवस पाळ्यांनी काम चालते. कोठेही मोठा भूकंप झाला की संगणक देशोदेशींच्या नोंदींवरून त्याचे स्थान, खोली आणि महत्ता काढतो, आणि पाळीवरचे शास्त्रज्ञ ती पडताळतात. यानंतर लाटेचे गणित नव्याने मांडत बसण्यास वेळ नसतो. म्हणून समुद्रात ठिकठिकाणी वेगवेगळ्या महत्तेचे भूकंप झाले असे कल्पून हजारो प्रसंगांची उत्तरे आधीच काढून साठवलेली असतात, आणि घडलेल्या भूकंपाशी सर्वांत जवळचा प्रसंग त्यांतून निवडला जातो. हे गणित ज्या प्रतिमानाने केले जाते ते ‘ट्युनामी एन-२’ मुळात जपानच्या तोहोकू विद्यापीठातील असून, युनेस्कोच्या एका उपक्रमातून ते गरजू देशांना मिळाले आणि हैदराबादेत भारतीय किनाऱ्यांच्या तपशिलांसह वापरात आणले गेले.

एवढ्यावरून मिळतो तो अंदाज. लाट खरोखर उठली की नाही, हे समुद्रालाच विचारावे लागते. त्यासाठी बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात तळाशी दाबमापक यंत्रे ठेवलेली आहेत. डोक्यावरच्या पाण्याची पातळी सेंटिमीटरभर बदलली, तरी कित्येक हजार मीटर खाली बसलेल्या या यंत्राला दाबातला फरक कळतो. ते ध्वनिलहरींनी वर तरंगणाऱ्या बोयाला संदेश देते, बोया तो उपग्रहाला आणि उपग्रह हैदराबादला. उघड्या समुद्रात बोया शाबूत ठेवणे हे मोठे जिकिरीचे आणि खर्चाचे काम असते, कारण वादळे, गंज आणि जाळी अडकवणाऱ्या किंवा सुटे भाग काढून नेणाऱ्या नौका यांपासून त्याचे सतत रक्षण करावे लागते. म्हणूनच शेजारी देशांच्या किनाऱ्यांवरील भरतीमापकांच्या नोंदी तत्काळ मिळणे अगत्याचे ठरते. ज्या किनाऱ्यावर लाट तासाभरात पोहोचणार असेल, तेथे केवळ भूकंपाच्या आधारे सर्वोच्च इशारा दिला जातो. जेथे अधिक अवधी असतो, तेथे आधी सावध केले जाते आणि समुद्रातील नोंदी पाहून इशारा वाढवला किंवा मागे घेतला जातो. दोन मीटरांहून उंच लाटेचा अंदाज असेल तर किनाऱ्यावरील वस्ती हलवायची, अर्धा ते दोन मीटर असेल तर समुद्रकाठापासून लोकांना दूर करायचे, आणि त्याहून कमी असेल तर लक्ष ठेवून राहायचे, अशा साधारण पायऱ्या ठरलेल्या आहेत.

या पद्धतीची कसोटी ११ एप्रिल २०१२ रोजी लागली. सुमात्राजवळ ८.६ महत्तेचा भूकंप झाला आणि हैदराबादच्या केंद्राने दहा मिनिटांच्या आत पहिले पत्रक काढले. निकोबारच्या काही भागांना वरच्या श्रेणीचा इशारा देण्यात आला, मुख्य भूमीवरील लोकांना मात्र सरसकट हलवण्यात आले नाही. या भूकंपात समुद्रतळाचे तुकडे वर-खाली न होता एकमेकांना घासून आडवे सरकले होते, त्यामुळे पाणी फारसे उचलले गेले नाही आणि लाटा किरकोळ निघाल्या, हे समुद्रातील नोंदींनी लवकरच दाखवून दिले. विनाकारण गावे रिकामी केली की पुढच्या वेळी लोक हलत नाहीत. त्या दृष्टीने इशारा न वाढवण्याचा निर्णयही इशारा देण्याइतकाच मोलाचा होता. भूकंपावाचून उठणाऱ्या त्सुनामीपुढे मात्र ही सारी रचना अजून अपुरी आहे. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील अनाक क्राकातोआ या ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला आणि सुंदाच्या सामुद्रधुनीत लाटेने शेकडो बळी घेतले, तेव्हा भूकंपाची सूचना देणारी कोणतीही घंटा वाजली नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरा प्रश्न मकरानचाच आहे. तेथे अरबी समुद्राखालचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा कठीण तुकडा, उत्तरेकडील भूपट्टाखाली सावकाश सरकत आहे आणि अडकलेला ताण केव्हातरी मोकळा होणार आहे. २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात जमिनीवर झालेल्या ७.७ महत्तेच्या भूकंपानंतरही ग्वादरसमोर समुद्रात चिखलाचे एक बेट वर आले आणि ओमानच्या किनाऱ्यावर लहानशी त्सुनामी नोंदली गेली. म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्याला सर्वांत आधी सावध करू शकतील अशी यंत्रे पाकिस्तान, इराण आणि ओमान यांच्या भूमीवर आहेत. हे देश आणि भारत समन्वय गटाच्या वायव्य हिंदी महासागरविषयक कार्यगटात एकत्र काम करतात. हैदराबादचे पत्रक कराचीलाही जाते आणि संयुक्त सरावांत मकरानच्या कल्पित भूकंपावर सारे मिळून तालीम करतात. थायलंडने २००५ मध्ये दिलेल्या एक कोटी डॉलरांच्या देणगीतून संयुक्त राष्ट्रांच्या आशियाविषयक आयोगाने जो निधी उभारला, त्यातून या भागातील कामालाही साहाय्य मिळाले. १९४५ ची लाट स्वतः पाहिलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेऊन युनेस्कोने २०१५ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली, तीही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आठवणी एकत्र ठेवणारी आहे. इतर बहुतेक बाबतींत संवाद खुंटलेला असताना समुद्रासंबंधीचा हा संवाद चालू राहिला, ही गोष्ट वृत्तपत्रांत फारशी येत नाही; ती यावी, एवढे तिचे मोल निश्चित आहे.

पाच तास हाती आले, तरी कोकणात त्यांचे काय करायचे हे तेथील भरती-ओहोटी पाहूनच ठरवावे लागेल. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटरांपर्यंत चढते-उतरते. दोन मीटरांची लाट पूर्ण ओहोटीला आली तर ती नेहमीच्या भरतीरेषेच्या आतच विरेल, आणि तीच उधाणाच्या भरतीवर आली तर खाड्यांतून आत शिरून कोळीवाड्यांतील घरांत पाणी जाईल. शिवाय बंदरातील होड्या आणि जहाजे यांना पाण्याच्या उंचीपेक्षा उलटसुलट प्रवाहांचा धोका अधिक असतो, आणि तो कित्येक तास टिकतो. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोळियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोने ‘त्सुनामी सज्ज’ म्हणून मान्यता दिली, ती हिंदी महासागरातील पहिलीच होती. त्यासाठीचे बारा निकष पाहिले तर त्यांत महागडे यंत्र जवळजवळ नाही: पाणी कोठवर येईल याचा नकाशा, सुटकेच्या वाटांचे फलक, चोवीस तास इशारा घेणारी व लोकांपर्यंत पोहोचवणारी ठरलेली माणसे, आणि नेमाने केलेली तालीम. वर्सोव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोणत्याही मच्छीमार संस्थेला आणि ग्रामपंचायतीला हे करता येण्याजोगे आहे आणि ते लवकर हाती घेतले पाहिजे.

विदर्भातील वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये, कारण किनाऱ्यावरच्या सूचनेचा आणि यवतमाळच्या सूचनेचा शेवटचा टप्पा आता एकच झालेला आहे. आपत्तीचा इशारा जगभर एकाच साच्यात लिहिला जावा म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मान्य केलेला सामाईक नमुना भारताच्या ‘सचेत’ या व्यवस्थेने स्वीकारला आहे. त्सुनामी असो, वीज असो की पूर, धोक्याच्या क्षेत्रातील मोबाइलवर संदेश याच मार्गाने येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रात वीस संवेदक बसवून वीज टिपणारे जाळे सुरू केले आणि त्यातून पुढे ‘दामिनी’ हे ॲप आले, त्याचा उपयोग शेतात काम करणाऱ्या माणसाला सर्वाधिक आहे. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर पुराने वेढले गेले आणि बचावासाठी वायुदलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली, तेव्हा अवधी तासांचाच होता. भूकंपही येथे परका नाही: १० जुलै २०२४ चा हिंगोलीचा ४.५ महत्तेचा भूकंप यवतमाळच्या सीमेवरील गावांनाही जाणवला.

पैनगंगा यवतमाळला हिंगोली व नांदेडपासून आणि पुढे तेलंगणातील आदिलाबादपासून वेगळे करते. इसापूर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप एका तीरावर पोहोचला आणि दुसऱ्या तीरावर उशिरा पोहोचला, तर नदी त्यासाठी थांबत नाही. झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांतील सीमेवरच्या गावांत मराठीबरोबर तेलुगूही बोलली जाते. कोलामांच्या पोडांवर कोलामी आणि पुसद, महागाव, दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी ही घरातली भाषा आहे. मोबाइलवर उमटलेला मराठी किंवा इंग्रजी संदेश ज्या वृद्धेला वाचता येत नाही, तिला तो समजेल अशा शब्दांत कोणी सांगायचा, रात्री दोन वाजता तिच्या दारावर थाप कोणी द्यायची आणि तिला कोणत्या वाटेने उंचावर न्यायचे, ही नावे व वाटा पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत लिहून ठेवण्याचे काम तालुका कार्यालय आणि गावे मिळून करू शकतात, आणि त्याला पोलीसपाटील, कोतवाल, आशा कार्यकर्ती आणि तांड्याचा नायक यांच्याखेरीज कोणत्याही नव्या यंत्रणेची गरज नाही.